जांभ्याच्या भिंतीत लोखंडी शेकोटी बसवताना

आमच्या देवघरात, देव्हाऱ्याच्या उजव्या हाताला, भिंतीत एक कोनाडा आहे. गोव्यातल्या आमच्या सुर्ला गावात वीज गेली की परत कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून मेणबत्त्या कायम तिथे उभ्या करून ठेवलेल्या. दोन वर्षांमागे जानेवारीतल्या एका सकाळी परडी घेऊन आत गेले, तर चारही मेणबत्त्यांनी माना टाकल्या होत्या. एकीचं टोक तर खालच्या दगडाला टेकलेलं. भिंतीच्या पलीकडे, वसरीत, माझी नवी शेकोटी. ती आदल्या रात्री साडेनऊला विझली होती. सकाळी सहाला मी कोनाड्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

त्या दिवसापर्यंत मी आणि आमचे मेस्त, म्हणजे गवंडी, एकाच समजुतीत होतो. "बाई, फातर कधी जळता?" (दगड कधी जळतो का?) असं ते म्हणाले होते आणि मी, जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेली बाई, मान डोलावून मोकळी झाले होते.

गोव्यात शेकोटी कशाला, असं पणजीचे पाहुणे विचारतात. ते मे महिन्यात येतात. चोर्ला घाटाच्या माथ्यावर डिसेंबर-जानेवारीत रात्र काढली की प्रश्न आपोआप मिटतो. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं इंग्लंडात, स्विंडनला होता. परत येताना घरातलं सामान कंटेनरने आणलं, त्यात ही बिडाची पेटी. पुढे काचेचं दार, वर सहा इंची धुराड्याचं तोंड. तिकडे तिला इन्सर्ट म्हणतात, कारण ती दगडा-विटांच्या जुन्या शेकोटीच्या पोटात सरकवायची असते. मेस्तांनी पाहताक्षणी तिला तिजोरी म्हटलं आणि आता घरात तेच नाव आहे.

पहिल्या खेपेला आम्ही केलं ते असं: वसरी आणि देवघर यांच्यामधली जुनी जाड भिंत अर्धी कोरली, तिजोरी आत ढकलली आणि भोवतीची फट सिमेंटच्या मालाने गच्च भरून टाकली. फट ठेवली तर उंदीर शिरतील, हे मेस्तांचं म्हणणं. मागे नऊ इंच चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, उरला होता. एवढा चिरा म्हणजे पुष्कळ झाला, हे माझं म्हणणं.

मेणबत्त्या वाकल्यावर भिंत उघडली. तिजोरीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, माळ्याच्या तुळईचं टोक भिंतीत गेलेलं होतं. गिलाव्याखाली असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. टोकाचा रंग गुळाच्या काकवीसारखा झाला होता आणि खालच्या कडेला मेस्तांनी पटाशी लावली तर बोटभर काळा भुगा निघाला. वास विडीच्या थोटकाचा. हाच वास मला आठवडाभर वसरीत येत होता आणि मी गड्यांवर संशय घेत होते.

लाकडाचं असं आहे. एरवी त्याला पेट घ्यायला अडीचशे-तीनशे अंश तरी लागतात. पण शंभराच्या आसपास रोज रोज, महिनोन् महिने तापत राहिलं तर ते आतून बदलतं. आधी तपकिरी, मग कोळशासारखं. अशा लाकडाला पेटायला पुष्कळ कमी उष्णता पुरते. म्हणून 'दहा वर्षं पेटवतोय, काही झालं नाही' या वाक्याला या कामात किंमत नाही. अकराव्या वर्षी लाकूड पहिल्या वर्षीचं राहिलेलं नसतं. आणि चिरा उष्णता अडवत नाही, फक्त उशिरा पोचवतो. आमच्याकडे रात्रीची आग पहाटे देवघरात पोचली, तेव्हा घर झोपलेलं होतं.

आता दुसऱ्या खेपेला काय केलं ते सांगते. तुमचं घर वेगळं, पेटी वेगळी, पण क्रम हाच ठेवा.

आधी पेटीची पाठ वाचा

युरोपातल्या इन्सर्टच्या अंगावर कुठेतरी माहितीची पट्टी असते. जळू शकणाऱ्या वस्तूंपासून मागे, बाजूला, वर, समोर किती अंतर सोडायचं ते तिच्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत असतं. आमची पट्टी काजळीखाली होती. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन अर्धा तास घासली. पहिल्या वेळी हा अर्धा तास वाचवला म्हणून दुसऱ्यांदा सगळं उकरावं लागलं. पुढे मी जे आकडे देईन ते पट्टीच्या आकड्यांहून कमी असतील तर पट्टीचं ऐका.

आणि अंतर मोजायचं ते लाकडापर्यंत, दिसणाऱ्या भिंतीपर्यंत नव्हे. लाकडावर गिलावा, जिप्समची शीट किंवा टाइल्स चढवल्या म्हणून ते लाकूड राहत नाही असं नाही.

जुन्या घरात लाकूड कुठे कुठे लपतं? तुळयांची टोकं, बुजवलेल्या दार-खिडक्यांच्या चौकटी, कोनाड्यांवरच्या फळ्या, खुंट्या. आम्ही सहा मिलिमीटरच्या ड्रिलने संशयाच्या जागी भोकं पाडली. तांबडी पूड आली की चिरा, गोल तपकिरी भुसा आला की लाकूड. बारा भोकांत दोन ठिकाणी लाकूड निघालं, त्यातलं एक कुणालाही ठाऊक नव्हतं. हे करण्याआधी भिंतीतली वायरिंग कुठून जाते ते बघा आणि मेन स्विच बंद करा.

तुळईचं जळकं टोक कापावं लागलं. ते मात्र मेस्त आणि मी दोघांनी ठरवलं नाही. साखळीहून इंजिनिअर आणला, आधी खाली टेकू दिले, मग टोक मागे घेऊन लोखंडी सी चॅनलवर बसवलं. भार पेलणाऱ्या लाकडाला स्वतःच्या अकलेने करवत लावू नका.

दोन पोकळ्या

या वेळी भिंत कोरली नाही. जुन्या भिंतीसमोर चिऱ्याची स्वतंत्र कोठी उभारली आणि तिजोरी तिच्यात ठेवली. त्यामुळे दोन पोकळ्या तयार झाल्या आणि या दोहोंचं काम वेगळं आहे.

पहिली, पेटी आणि कोठी यांच्यामधली. या पोकळीतून खोलीची गार हवा खालून शिरते, पेटीच्या अंगाला लागून तापते आणि वरच्या जाळीतून परत खोलीत येते. निम्मी ऊब इथूनच मिळते. शिवाय तापलेलं लोखंड फुगतं. मीटरभर लोखंड तीनशे अंशांनी तापलं की साडेतीन मिलिमीटरच्या वर वाढतं. पहिल्या वेळी सिमेंटने आवळलेल्या पेटीने चौथ्याच दिवशी गिलाव्याला तिरपी चीर पाडली होती, ती याच कारणाने. म्हणून पेटीला कुठेही माल चिकटू द्यायचा नाही. पुढच्या चौकटीभोवतीच्या फटीत सिरॅमिकचा दोर दाबायचा, तो दबतो आणि परत फुगतो.

दुसरी पोकळी कोठीच्या पाठीमागे, कोठी आणि जुनी भिंत यांच्यामध्ये. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात दगडी शेकोटीच्या पुढून आणि बाजूंनी लाकूड किमान २ इंच आणि पाठीमागून ४ इंच दूर ठेवायला सांगितलं आहे, आणि ही जागा भरायची नाही असंही. आम्ही मागे ४ इंच धरले, आणि ते लाकडापासून नव्हे, जुन्या भिंतीपासूनच. भिंतीत काय काय आहे याचा भरवसा उरला नव्हता.

मेस्तांना ही दुसरी पोकळी अजिबात पटेना. "इतकी जागा फुकट?" ते तीनदा म्हणाले. रिकामी जागा ठेवायचे पैसे द्यायचे ही गोष्ट चांगल्या गवंड्याच्या अंगात उतरत नाही. त्याचं सगळं शिक्षण फटी बुजवण्याचं. मी त्यांना वाकलेल्या मेणबत्त्या दाखवल्या. त्या मी जपून ठेवल्या आहेत.

पोकळी ठेवणं कागदावर सोपं, बांधताना नाही. प्रत्येक थर बसवताना चिऱ्याच्या पाठीमागून माल ओघळतो आणि पोकळीत पडतो. चार थर झाले की त्या पडलेल्या मालाचा पूल तयार होतो आणि उष्णता त्यावरून चालत पलीकडे जाते. यावर आम्ही केलेला उपाय: चार इंचांना थोडी कमी अशी एक फळी, कोठीच्या रुंदीएवढी, दोन टोकांना काथ्याची दोरी. फळी पोकळीत आडवी टांगायची. दोन थर चढले की दोऱ्या ओढून फळी हळूच वर घ्यायची, तिच्यावर साचलेला माल थापीने काढून घमेल्यात टाकायचा, फळी पुन्हा खाली थोडी सोडायची आणि पुढचा थर. दुसऱ्या दिवशीपासून मेस्त स्वतःच गड्यावर ओरडू लागले, "फळी वयर काड रे!" शेवटचा थर झाल्यावर फळी बाहेर काढायची. विसरलात तर पोकळीत लाकूड स्वतःच्या हाताने ठेवल्यासारखं होईल. मी मोबाईलचा टॉर्च टाकून तळापर्यंत बघितलं आणि मगच मजुरी दिली.

पोकळीच्या दोन्ही बाजूंना खाली आणि वर जाळ्या ठेवल्या, म्हणजे तिच्यातली हवा खेळती राहते. उंदरांचा प्रश्न जाळीने सुटला. कुंभारमाशीचा सुटलेला नाही; ती दर हंगामात जाळीच्या भोकांत मातीची घरटी बांधते आणि मी दिवाळीनंतर ती सुईने टोकरते. माळ्याच्या पातळीला मात्र पोकळी वरून पत्र्याने बंद केली आहे, कारण खाली काही पेटलंच तर ती पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढेल.

इन्सुलेशन कशाचं, आणि कुठे

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण दुकानात 'इन्सुलेशन' म्हटलं की जे समोर येतं ते छपराचं असतं. थर्मोकोल नको. चंदेरी बुडबुड्यांची शीट नको. कागद चिकटवलेली काचलोकर नको. हे सगळं उन्हासाठी आहे, आगीसाठी नाही.

हवं ते भट्टीचं सामान. आमच्याकडून घाटाच्या पलीकडे गेलं की बेळगाव, आणि बेळगावात उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने. त्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत फायरब्रिक, फायरक्ले, कॅल्शियम सिलिकेटची बोर्डं आणि सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट मिळतं. हे ब्लँकेट १२६० अंशांचं म्हणून विकतात. आम्ही इंचभर जाडीचं घेतलं. ते कापताना जे तंतू उडतात ते फुप्फुसाला वाईट. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क, हातमोजे, लांब बाह्या, आणि कापण्याआधी थोडं पाणी शिंपडा. माझ्या भावाने हे हसण्यावारी नेलं आणि दोन दिवस मनगटं खाजवत बसला.

बोर्डं कोठीच्या आतल्या अंगाला, मागे आणि दोन्ही बाजूंना लावली, दोन इंच जाडीची. पेटी आणि बोर्ड यांच्यामधली पहिली पोकळी तशीच मोकळी. ब्लँकेट पेटीभोवती गुंडाळायचं नाही! थंडीत माणसाला पांघरूण घालतात तसं वाटतं खरं, पण मग पेटीची हवा अडते, ऊब खोलीत येत नाही आणि बीड प्रमाणाबाहेर तापून चिरतं. ब्लँकेट लागतं ते धुराड्याच्या नळीभोवती, आणि कोठीच्या माथ्यावर जो पत्रा बसवून धुराड्याचा पोकळ भाग बंद करतात त्या पत्र्याच्या वर. हा पत्रा नसेल तर तापलेली हवा खोलीत न येता धुराड्याच्या कडेने वर निघून जाते.

पेटीच्या खाली फायरब्रिकचा थर, फायरक्लेच्या मालात. नुसतं सिमेंट इथे टिकत नाही, तीनशे अंशांच्या पुढे ते भुसभुशीत व्हायला लागतं. बाहेरच्या चिऱ्याला चुना-सिमेंटचा नेहमीचा माल चालतो.

समोर आणि वर

दार उघडल्यावर निखारा उडतो, म्हणून समोरची जमीन न जळणारी हवी. तोंड सहा चौरस फुटांहून लहान असेल तर पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच. त्याहून मोठं असेल तर २० आणि १२. आमच्याकडे आधी कडप्पा घातला होता, तो पहिल्याच महिन्यात तडकला. आता जाड चिऱ्याचे घासलेले तुकडे आहेत.

भावाला शेकोटीच्या वर फणसाची जाड फळी हवी होती, तिकडच्या घरांत असते तशी, फोटो ठेवायला. अमेरिकी नियमाप्रमाणे तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालतच नाही, आणि १२ इंचांपर्यंत दर इंचामागे इंचाचा आठवा भागच पुढे आलेलं चालतं. पण हे उघड्या दगडी शेकोटीचं गणित. आमच्या पेटीच्या वरच्या जाळीतून गरम हवा थेट फळीच्या पोटावर आली असती. फळी देवघरात गेली, वर चिऱ्याची लादी बसली. फोटो तिथेही ठेवू देत नाही मी.

धुराडं, कौलं आणि समुद्राची हवा

कोठीच्या वरपासून छपराबाहेरपर्यंत सहा इंची स्टीलची नळी. ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, ३०४ नको. गोव्याच्या खाऱ्या हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत दिसतो. त्याच कारणाने समुद्रात वाहून आलेली लाकडं कधीही जाळू नका, त्यातलं मीठ नळीला आतून खातं.

वासे आणि रिपा धुराड्याच्या बांधकामापासून २ इंच दूर. आम्हाला दोन वासे मध्ये तोडून आडवं लाकूड घालून चौकट करावी लागली. कौलांतली फट वरून शिशाच्या पत्र्याने झाकली. पावसासाठी ती झाकायला हवी, पण सिमेंटने नाही. धुराड्याचं तोंड छपरातून बाहेर पडतं त्या जागेपासून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही छप्पर असेल त्याहून २ फूट वर. नाही तर वारा धूर परत घरात ढकलतो.

टोपीला जाळी लावा. २०२३च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले ते आम्ही अंगणातून पाहिले आहेत. एक ठिणगी पालापाचोळ्यात पडली तर काय होईल ते मला कुणी सांगायला नको. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. फार बारीकही नको, काजळीने बुजतं आणि धूर उलटतो.

पेटवणं

बांधून झाल्यावर महिनाभर थांबलो. चिरा पाणी धरून ठेवतो, घाईने तापवला तर वाफ दगड फोडते. मग तीन दिवस फक्त करवंट्या आणि काड्यांचा लहानसा जाळ. पहिल्या दिवशी कोठीच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटला होता.

लाकूड काजूचं, पडलेल्या झाडांचं. उभं झाड तोडायला गोव्यातल्या १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. फोडून, खोपीत रचून एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. यंत्र नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटा. टणत्कार झाला तर सुकलं, धप्प झालं तर नाही. ओल्या लाकडाचा धूर नळीत डांबरासारखा चिकटतो, आणि ते डांबर पेटलं की नळीत हजार अंशांच्या वर जातं. करवंट्या मूठभरच, त्या फार तापट. घराची दारं-खिडक्या घट्ट बसणारी असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, त्या वायूला वास नसतो.

पहिल्या मोठ्या जाळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मेस्तांचा भाचा त्याची तापमानाची बंदूक घेऊन आला. तो एसी दुरुस्त करतो. देवघराचा कोनाडा २४ अंश, खोली २२. चॅनलवर बसवलेलं तुळईचं टोक २९. रात्री नऊ, बारा, तीन आणि सहा अशा चार वेळा मोजा. एकदाच, आग पेटलेली असताना मोजून समाधान मानू नका.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आत, नळी ब्रशने झाडून घ्या आणि राख पूर्ण काढा. काजळी पावसाळ्यातली दमट हवा ओढून घेते आणि आम्लासारखी स्टीलला खाते. टोपीवर डबा उपडा घालते मी, पेटीचं दार बोटभर उघडं ठेवते, आणि दारालाच एक पाटी अडकवते: वर डबा आहे, पेटवू नये. पाटी भावासाठी आहे.